कोहा: काउंटरवर बसणाऱ्याला किती मोकळीक देतं?

ग्रंथालयाचं संगणकीकरण करायचं ठरलं की कार्यकारिणीच्या बैठकीतले प्रश्न ठरलेले असतात. किंमत किती? मराठी चालतं का? बारकोड होतो का? बंद पडलं तर कोण येणार? प्रश्न बरोबरच आहेत, पण एक राहून जातो. देवघेवीला बसणाऱ्या माणसाला सोमवारी काही सुचलं, तर ते त्याच आठवड्यात करून बघता येईल का? आणि फसलं तर फारसा गाजावाजा न होता मागे घेता येईल का?

कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरचं हे परीक्षण तेवढ्याच प्रश्नापुरतं आहे. डोळ्यासमोर आहे वडोदऱ्यातलं, रावपुरा-दांडिया बाजाराच्या बाजूला शोभेल असं मध्यम ग्रंथालय. १५-२० हजार पुस्तकं, त्यात मराठी आणि गुजराती जवळपास निम्मी निम्मी. एक ग्रंथपाल, देवघेवीला दोघं, एक शिपाई. संध्याकाळी येणारे वाचक मराठीत बोलता बोलता 'ती नवी चोपडी आली का?' असं विचारणारे.

आधीच सांगायचं तर उत्तर 'हो' असं आहे. पण बसवतानाच्या दोन-तीन चुका ही मोकळीक पहिल्याच महिन्यात बंद करून टाकतात, आणि मग लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात.

कोहा जन्माला आलं तेच एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालच्या तारखा पेलणार नव्हतं. बाजारातलं तयार घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये कॅटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून आपल्याला हवं तसं लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये चालू केलं आणि सगळा कोड खुला करून टाकला. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि तीही परतफेडीचं भान असलेली. आपल्याकडच्या आहेरासारखी.

वडोदऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणलं. त्यांनी ड्युई आणि कटर या दोन वर्गीकरणांची सांगड घालून बडोद्यापुरती वेगळी पद्धत बसवली, १९११ मध्ये ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक सुरू झालं, इंग्रजीच्या जोडीला गुजराती आणि मराठी मजकूर असलेलं. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. तयार माल विकत घेऊन यातलं काहीच झालं नव्हतं. ग्रंथालयातली माणसं करून बघत होती, चुकत होती, बदलत होती.

आता कामाचं. दिवाळी अंकांपासून सुरुवात करू, कारण मराठी ग्रंथालयाची ती वार्षिक परीक्षा असते. समजा अंक ४०, मागणारे २००, आणि पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांना तेच सात-आठ अंक हवेत. काउंटरवरची कल्पना अशी की अंक १५ ऐवजी ४ दिवसांसाठी द्यावा, एका वेळी एकच, मुदतवाढ नाही. कोहात त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये नवा 'आयटम टाइप', म्हणजे पुस्तकाचा प्रकार, उघडायचा, 'सर्क्युलेशन अँड फाइन रूल्स'च्या तक्त्यात त्याची एक ओळ भरायची, आणि 'बॅच आयटम मॉडिफिकेशन'मध्ये चाळीसही बारकोड टाकून त्यांचा प्रकार एका दमात बदलायचा. जाणत्या हाताला हे अर्ध्या तासाचं काम आहे. मागे घ्यायचं तर ओळ पुसायची, अंक आपोआप सर्वसाधारण नियमाखाली येतात.

फसतं ते इथे. तक्त्यात जी ओळ जास्त नेमकी ती लागू होते, आणि नेमकेपणा ठरवताना कोहा आधी शाखा बघतं, मग सभासदाचा वर्ग, मग पुस्तकाचा प्रकार. म्हणजे तुमच्याकडे 'आजीव सभासद, सर्व प्रकार, १५ दिवस' अशी ओळ आधीपासून असेल आणि तुम्ही 'सर्व सभासद, दिवाळी अंक, ४ दिवस' अशी नवी घातली, तर आजीव सभासदाला अंक १५ दिवसच मिळणार. वर्ग प्रकारावर मात करतो. काउंटरवर बसलेल्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं, आणि समोरच्या साध्या सभासदाला वाटतं आजीववाल्यांचे लाड चाललेत. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: ज्या ज्या वर्गाची स्वतःची ओळ आहे, त्या प्रत्येकासाठी दिवाळी अंकाची वेगळी ओळ भरा.

दुसरी अडचण सुट्ट्यांची. 'यूज डेज मोड' या सेटिंगवर ठरतं की बंद दिवस मुदतीत धरायचे, वगळायचे, की फक्त परतीची तारीख बंद दिवशी आली तर पुढच्या उघड्या दिवसावर ढकलायची. चार दिवसांच्या मुदतीत हा फरक मोठा होतो. सगळे बंद दिवस वगळायचं ठेवलंत आणि कॅलेंडरमध्ये दिवाळीची सलग सुट्टी भरलेली असेल, तर चार दिवसांचे आठ होतात. शेवटचा पर्याय बरा. आणि नियम बदलला म्हणून आधी गेलेल्या पुस्तकांची परतीची तारीख बदलत नाही, ती देतानाच पक्की होते. म्हणून ओळ अंक वाटायला लागण्याच्या आदल्या संध्याकाळी घाला, तिसऱ्या दिवशी नको.

एक छोटी सोय इथे फार उपयोगी पडते आणि फारशी कोणाला ठाऊक नसते. कोहातल्या 'न्यूज'मध्ये मजकूर लिहिताना तो देवघेवीच्या पावतीवर छापायचा असं निवडता येतं, आणि त्याला संपण्याची तारीखही देता येते. 'दिवाळी अंक ४ दिवसांसाठी, ३१ डिसेंबरपर्यंत' ही ओळ प्रत्येक वाचकाच्या हातात जाते आणि १ जानेवारीला आपोआप गायब होते. फलकावरचे कागद जून उजाडला तरी लटकत असतात, ते टळतं.

हे झालं सोपं उदाहरण. खरा कस लागतो तो जिथे पैशाची किंवा हिशेबाची भीती असते तिथे. कपाटांची कुलपं काढून मुक्त प्रवेश द्यावा, असं ग्रंथालयात काम करणाऱ्या पुष्कळांना मनातून वाटत असतं. बोलत नाहीत, कारण गणतीला पुस्तकं कमी भरली तर जबाब त्यांना द्यायचा असतो. सूचनापेटी ठेवून, 'कल्पना सुचवा' म्हणून सभा घेऊन हे सुटत नाही. ज्याच्या पगारावर बोट ठेवलं जाणार तो कल्पना कशाला सुचवेल?

यावर केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ वाचण्यासारखा आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा जागेवर वाचल्या गेलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ पुस्तकांची गळती रास्त मानावी असं तो म्हणतो, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. १,००० रुपयांहून जास्त किमतीचं पुस्तक किंवा कोणतंही दुर्मीळ पुस्तक हरवलं तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. गणतीचंही प्रमाण त्यात आहे: २० हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण गणती, २० ते ५० हजार असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा. विश्वस्त संस्थांना हा नियम थेट बंधनकारक नाही, पण कार्यकारिणीच्या ठरावाने स्वीकारायला कोणाची हरकत नसावी.

यातले शब्द नीट बघा: दिलेली किंवा जागेवर वाचलेली. बहुतेक ग्रंथालयं फक्त दिलेली मोजतात. वाचनकक्षात टेबलावर पडून राहिलेली पुस्तकं शिपाई उचलतो आणि जागेवर लावतो, नोंद शून्य. कोहात 'रेकॉर्ड लोकल यूज ऑन रिटर्न' हे सेटिंग चालू केलं, की कोणाच्या नावावर नसलेलं पुस्तक परतीच्या पडद्यावर स्कॅन केल्यावर ते जागेवरचं वाचन म्हणून नोंदलं जातं. लागतं काय? वाचनकक्षात एक टोपली, 'वाचलेलं पुस्तक कपाटात ठेवू नका, इथे ठेवा' अशी पाटी, आणि बंद करण्याआधी दहा मिनिटांचं स्कॅनिंग.

समजा वर्षाची देवघेव १८,००० आणि टोपलीतून आलेली नोंद ७,०००. नुसत्या देवघेवीवर रास्त गळती ९० पुस्तकांची होते, दोन्ही धरून १२५ ची. मुक्त प्रवेश दिल्यावर गणतीत ११० पुस्तकं कमी भरली, तर पहिल्या हिशेबाने कर्मचारी दोषी आणि दुसऱ्या हिशेबाने नियमात. कल्पना तीच, माणसं तीच. फरक टोपलीचा. शिपायाने स्कॅनर चालवायला नाही म्हटलं तर त्यालाही लॉग-इन द्या, फक्त देवघेवीच्या परवानगीचं. पंधरा दिवसांनी कोणती पुस्तकं टेबलावर सारखी दिसतात हे तोच सांगायला लागतो, आणि ती माहिती खरेदीच्या यादीला कोणत्याही समितीपेक्षा जास्त उपयोगी असते.

एक खबरदारी घ्या. पुस्तक घरून परत आलेलं असताना ते चुकून दोनदा स्कॅन झालं, तर दुसरा स्कॅन जागेवरचं वाचन म्हणून मोजला जातो. आकडा फुगतो. परतीची रास आणि टोपलीची रास वेगळी ठेवा, टोपली शेवटी घ्या.

कोहाची सर्वांत मोठी ताकद अहवालांत आहे, आणि सर्वांत मोठी चूकही तिथेच होते. कोहात डेटाबेसला हवा तो प्रश्न एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहून जतन करता येतो. फक्त वाचणारे प्रश्न चालतात, बदल करणारे चालत नाहीत, म्हणून नवशिक्याकडून माहिती पुसली जायची भीती नाही. तारखेची जागा मोकळी सोडली तर अहवाल चालवताना तो स्वतः तारीख विचारतो. प्रश्न एकदा कोणीतरी लिहायचा, मग रोज कोणीही चालवायचा.

पण असा प्रश्न सभासदांची नावं, पत्ते, फोन आणि कोणी काय वाचलं हेही बाहेर काढू शकतो. म्हणून अहवाल लिहिण्याची परवानगी एक-दोघांनाच द्या, चालवण्याची सगळ्यांना. या दोन परवानग्या कोहात वेगळ्या आहेत. प्रत्यक्षात होतं काय, की बसवणारा माणूस घाईत सगळ्यांना 'सुपरलायब्रेरियन', म्हणजे सगळ्या परवानग्या असलेला, करून जातो, किंवा एकच लॉग-इन आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. मग कोणी काय बदललं कळत नाही, एकदा काहीतरी बिघडतं आणि घाबरून सगळ्यांच्याच परवानग्या काढल्या जातात. मोकळीक टिकवायची तर आधी प्रत्येकाचं लॉग-इन वेगळं हवं. देवघेवीचे नियम बदलणं, पावत्या आणि सूचनांचा मजकूर बदलणं, अहवाल चालवणं या परवानग्या सुट्या सुट्या देता येतात. देवघेवीला बसणाऱ्याची बरीच कामं एवढ्यावर भागतात.

न हललेल्या पुस्तकांचा अहवाल सगळ्यांना हवा असतो. प्रत्येक प्रतीच्या नोंदीत ती शेवटची केव्हा दिली गेली याची तारीख असते, त्यावरून दोन वर्षांत न गेलेली पुस्तकं निघतात. पहिल्या वर्षी हा अहवाल चालवू नका. जुनी माहिती नव्याने चढवलेली असते, तारखेचा रकाना रिकामा असतो, आणि निम्मं ग्रंथालय बाद करण्याजोगं दिसतं. त्या यादीवर विश्वास ठेवून जुनी मराठी चरित्रं आणि स्थानिक इतिहास रद्दीत गेला तर तो परत येत नाही.

मराठी शोधाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच कर्मचारी हात टेकतात आणि वहीकडे परततात. कोहाचं शोधयंत्र झेब्रा. ते मूळ मांडणीत रोमन लिपीच्या हिशेबाने चालतं. देवनागरी आणि गुजरातीसाठी झेब्राच्या मांडणीत अक्षरतक्त्याऐवजी आयसीयू (निरनिराळ्या लिप्या हाताळणारी प्रणाली) लावावं लागतं, कोहाच्या सेटिंगमध्येही आयसीयूचा पर्याय चालू करावा लागतो आणि मग सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. यातलं एकच केलं तर शोध अर्धवट चालतो, आणि अर्धवट चालणारा शोध बंद शोधापेक्षा वाईट. वाचकाला 'नाही' असं सांगितलं जातं आणि पुस्तक कपाटात असतं.

एवढं करूनही एक खाच उरते. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातलं ऱ्य दोन प्रकारे टाइप होतं. एक, नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. मोबाइलचा कीबोर्ड एक वापरतो, कार्यालयातला दुसरा. तेच ॲ चं: एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र दिलेलं वेगळं. 'संबंध' आणि 'सम्बन्ध' तर डोळ्यांनाही वेगळे दिसतात. परीक्षा घ्यायची तर दहा शब्दांची यादी करा, प्रत्येक शब्द दोन कीबोर्डवरून टाइप करून शोधा. मग एक रूप ठरवून कीबोर्ड सगळ्या टेबलांवर एकच बसवा, आणि शीर्षकाचं दुसरं रूप मार्क नोंदीत (पुस्तकाची माहिती ठरलेल्या क्रमांकांच्या क्षेत्रांत भरण्याची पद्धत) २४६ या क्षेत्रात भरा. ते पर्यायी शीर्षकासाठीच आहे, म्हणून दोन्ही रूपांनी पुस्तक सापडतं. हे काम ग्रंथपालापेक्षा काउंटरवरची माणसं नीट करतात. कोणता वाचक काय म्हणून पुस्तक मागतो हे त्यांनाच ठाऊक असतं.

जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि जोडाक्षरं हाताने तपासा. एक्सेलमध्ये दाखल क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा, नाहीतर ०००४५२ चा ४५२ होतो आणि बारकोड जुळत नाही. भाषेचा संकेत ००८ क्षेत्राच्या ३५ ते ३७ या जागांत भरायला विसरू नका. तो नसेल तर 'फक्त मराठी दाखवा' हे नीट चालणार नाही, आणि वडोदऱ्यात ते रोज लागतं. वर्गांकाने काम भागत नाही. ड्युईत मराठी साहित्य ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७ हे खरं, पण मराठीतलं पाकशास्त्र ६४१ मध्ये गुजरातीच्या शेजारीच बसतं.

बारकोडच्या लेबलांचं थोडक्यात. ए-४ वर ६५ लेबलांचा कागद (३८ × २१ मिमी) मिळतो. छापताना 'फिट टू पेज' राहिलं आणि पान ३ टक्के आकसलं, तर तेराव्या ओळीपर्यंत सुमारे ८ मिमीचा फरक पडतो आणि बारकोड कापला जातो. 'ॲक्च्युअल साइज' निवडा, आधी साध्या कागदावर छापून उजेडात धरून बघा. कोहाच्या स्वतःच्या लेबल साधनात देवनागरी जोडाक्षरं फुटतात. मराठी मजकूर हवाच असेल तर तिथून सीएसव्ही (एक्सेलसारखी साधी तक्त्याची फाइल) घ्या आणि लिबरऑफिसमधून छापा.

करून बघण्यासाठी दुसरं यंत्र लागतं. जुना, ४ जीबीचा संगणकही चालेल. चालू कोहाचा बॅकअप दोन फायलींत असतो, एक डेटाबेसची, एक मांडणीची. दोन्ही दुसऱ्या यंत्रावर उतरवल्या की हुबेहूब प्रत तयार. मात्र उतरवल्या उतरवल्या पहिलं काम त्या प्रतीचं ईमेल बंद करणं, आणि तोवर नेटवर्कची वायर काढून ठेवणं. नाहीतर चाचणीच्या यंत्रावरून खऱ्या सभासदांना थकबाकीची पत्रं जातात. मग सभासद भडकतात, कार्यकारिणी भडकते, आणि पुढची दोन वर्षं कोणी काही करून बघत नाही.

बॅकअपबद्दल दोन गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावा. कोहा रोज बॅकअप घेतं, पण मूळ मांडणीत फक्त २ दिवसांचे ठेवतं. शुक्रवारी झालेली चूक मंगळवारी लक्षात आली तर चांगली प्रत उरलेली नसते. रोजची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या यंत्रावर जायला हवी. दुसरी गोष्ट, रात्री मेन स्विच पाडून घरी जायची सवय. कोहाची दैनंदिन कामं, म्हणजे दंडाची आकारणी, मुदतीच्या सूचना आणि हाच बॅकअप, ठरलेल्या वेळी आपोआप चालतात, आणि ती वेळ बहुधा ग्रंथालय उघडण्याच्या आधीची असते. यंत्र बंद तर कामं बंद. एक तर सर्व्हर चालू ठेवा, यूपीएससकट, किंवा वेळा उघडण्याच्या तासांत आणा. आवृत्ती वाढवण्याआधी बॅकअप घ्याच, कारण नव्या आवृत्तीने डेटाबेस बदलल्यावर जुन्यावर परतायचा दुसरा रस्ता नाही. नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबरची दिवाळीच्या धांदलीत लावू नका.

एसएमएसची कल्पना प्रत्येक ग्रंथालयात कोणाला ना कोणाला सुचतेच. भारतात त्यासाठी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची, पाठवणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या प्रत्येक साच्याची नोंदणी लागते. आठवड्यात होणारं काम नाही. ईमेलवर आधी करून बघा, ते कोहात तयार आहे.

वाचकांच्या पुस्तक-सूचनांचा विभाग चांगला आहे. वाचक सुचवतो, सूचना मंजूर, मागवली, आली किंवा नाकारली असे टप्पे घेते, आणि टप्पा बदलला की वाचकाला कळतं. नाकारण्याची कारणं आपल्या शब्दांत आधीच लिहून ठेवता येतात. 'अंदाजपत्रकात नाही' आणि 'दोन प्रती आहेत, राखून ठेवा' ही दोन कारणं तेवढी मराठीत लिहा. काहींनी हाच विभाग कर्मचाऱ्यांच्या कल्पनांसाठी वापरायची शक्कल काढली आहे. चालतं, पण ओढूनताणून. पुस्तकासाठी केलेल्या चौकटीत 'परतीची खिडकी उजवीकडे न्यावी' ही सूचना बसत नाही. त्यासाठी काउंटरच्या खणात एक वही पुरे. पाच रकाने: काय करायचं, कोण बघणार, कधीपासून कधीपर्यंत, कोणता आकडा बघायचा, आणि मागे कसं घ्यायचं. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर ते काम करून बघण्याचं नाही, कार्यकारिणीपुढे नेण्याचं आहे. तारखेचा रकाना रिकामा राहिला तर प्रयोग कोणी न ठरवताच कायमचा नियम होऊन बसतो. ग्रंथालयातले निम्मे विचित्र नियम असेच आलेले असतात.

सॉफ्टवेअर जे देत नाही ते म्हणजे वेळ. दोघांपैकी एकाला आठवड्यातून दोन तास काउंटरवरून उठता आलं पाहिजे, आणि त्या दोन तासांत 'जरा हे बिल टाइप करून दे' असं कोणी म्हणता कामा नये. एवढं जमणार नसेल तर कोहा घेऊनही ती फक्त महागडी देवघेव वही होईल. सॉफ्टवेअर मोफत असलं तरी सर्व्हर, स्कॅनर, लेबलं आणि नोंदी भरण्याचे महिने विकतच घ्यावे लागतात.

दुसरे पर्याय? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या केंद्राचं 'सोल' विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या हिशेबाने घडलेलं आहे, तिथे ते शोभतं. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचं 'ई-ग्रंथालय' सरकारी ग्रंथालयांसाठी सरळ वाट आहे. पुस्तकं ३,००० च्या आत असतील आणि एकच माणूस असेल, तर यातलं काहीच न घेता नीट भरलेली एक्सेल आणि चांगलं हस्ताक्षर पुरतं.

स्वतः सर्व्हर न ठेवता एखाद्या पुरवठादाराकडून कोहा चालवून घ्यायचं असेल, तर करारात चार गोष्टी लिहून घ्या. डेटाबेसची आणि मार्क नोंदींची पूर्ण प्रत दर महिन्याला तुमच्या हातात यावी. देवघेवीचे नियम, पावत्यांचा मजकूर आणि अहवाल बदलण्याची परवानगी तुमच्या माणसांच्या लॉग-इनवर असावी, पुरवठादाराला मेल पाठवून नव्हे. चाचणीसाठी वेगळी प्रत असावी, ईमेल बंद केलेली. आणि नियमातल्या प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे नसावेत. पुरवठादार दुसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर घासाघीस करतात. पहिल्या वर्षाची रक्कम थोडी वाढवून दिली तरी चालेल, पण हे दोन मुद्दे सोडू नका.